टाकी चांगली होती: गाडीचा कॅट, दोन सेन्सर आणि पिवळी बत्ती

अमळनेरहून धुळ्याला माझी रोजची जा-ये. गाडी जुनी, २०१४ची, पेट्रोलवाली. गेल्या हिवाळ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराची ती पिवळी बत्ती पेटली. गाडी चालायला एकदम ठीक. पिकअप तसाच, एव्हरेज तसंच, धूर नाही. फक्त बत्ती.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. पी०४२० असा कोड आला. "मागचा ओटू सेन्सर गेला," तो म्हणाला. सेन्सर बदलला, साडेतीन हजार गेले, बत्ती विझली, आणि चौथ्या दिवशी परत पेटली. दुसरा म्हणाला, "कॅट गेला तुमचा, नवा टाकावा लागेल," आणि असा आकडा सांगितला की त्यात एक बरी जुनी मोटरसायकल आली असती. माझा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला आणि दुसरा मार्ग सुचवला: "नाहीतर आतली जाळी काढून टाकू. कोण बघतं? उलट एव्हरेज वाढेल."

शेवटी धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे गेलो. त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. माझी सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "जाळी गयी आसं कोन सांगं तुमले?"

माझ्या गाडीत काहीतरी बिघडलं होतं हे खरं, पण या दोघांनी सांगितलं त्यातलं काहीच नव्हतं. ते आप्पांना कसं कळलं हे समजायचं, तर कॅट, दोन सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर यांचं आपसात काय चालतं ते आधी बघायला हवं.

एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायला हवा किती लागते? वजनात मोजलं तर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. आकारात मोजलं तर नऊ-दहा हजार लिटर. म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर काठोकाठ हवेने भरा, तेवढी हवा एका लिटरमागे. हे माप बरोबर जुळलं की त्याला लॅम्डा १ म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण 'रिच', हवा जास्त झाली तर 'लीन'. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी मारली नाही की भांड्याचं बूड काळं होतं. ते रिच.

आता कॅट, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर. इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपात बसवलेला स्टीलचा डबा. मिस्तरी लोक त्याला जाळी म्हणतात, पण आत तारेची जाळी नसते. सिरॅमिकची वीट असते, मधमाशीच्या पोळ्यासारखी आरपार बारीक भोकांची. एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं. भोकांच्या भिंतींवर खडबडीत लेप, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. सगळं मिळून काही ग्रॅम, पण दागिन्यातल्या सोन्यासारखं मोलाचं. मध्यंतरी महाराष्ट्रात व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या येत होत्या. चोर सायलेन्सरसाठी येत नव्हते, आतल्या 'माती'साठी येत होते.

इंजिनातून तीन विषारी वायू येतात: कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यावा लागतो. तो मिळाला की त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. तिसऱ्याकडचा ऑक्सिजन मात्र काढून घ्यावा लागतो, तेव्हा त्याचा साधा नायट्रोजन होतो. एकाला द्यायचं, दुसऱ्याकडून काढायचं, आणि दोन्ही कामं एकाच डब्यात, एकाच वेळी. धुरात ऑक्सिजन उरला तर नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच बाहेर जातात, कमी पडला तर मोनॉक्साइड निसटतो. तिघांचा बंदोबस्त एकदम होतो तो फक्त लॅम्डा १च्या अगदी जवळ, एका चिंचोळ्या पट्टीत. कार्ब्युरेटरला इतकं काटेकोर माप सांभाळणं जमत नव्हतं. कॅट आला आणि त्याच्यामागोमाग सेन्सर आणि कॉम्प्युटर यावेच लागले, ते यामुळे.

कॅटला आणखी एक गोष्ट लागते, उष्णता. २५० ते ३०० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय तो काम सुरूच करत नाही. धुळ्याची डिसेंबरची पहाट असो की भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना, कॅटच्या हिशेबाने दोन्ही थंडच. पोराला शाळेत सोडायला दीड किलोमीटर जाऊन परत आलात, तर त्या फेरीचा बराचसा धूर तसाच हवेत गेला.

हे माप बरोबर आहे की नाही, ते कॉम्प्युटरला कोण सांगतं? कॅटच्या आधी बसवलेला पुढचा ऑक्सिजन सेन्सर. ओटू सेन्सर म्हणा किंवा लॅम्डा सेन्सर, वस्तू तीच. बॉशने तो १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांमध्ये पहिल्यांदा आणला.

तो काम कसा करतो हे आप्पांनी मला माझ्याच 'गेलेल्या' सेन्सरवर दाखवलं. बदललेला सेन्सर मी डिकीत टाकून ठेवला होता. त्यांनी तो बाकावरच्या वाईसमध्ये आवळला, दोन तारांना मल्टीमीटरच्या पिना लावल्या आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत टोकावर धरली. आधी आकडा शून्याच्या आसपास. मिनिटभराने टोक लालसर व्हायला लागलं आणि आकडा हलला. ०.३, ०.६, मग ०.८७ व्होल्ट. ज्योत बाजूला घेतली, झर्रकन ०.१च्या खाली. परत ज्योत, परत ०.८. साडेतीन हजारांचा शोक करावा की जादू बघावी, मला कळेना.

त्या टोकाच्या आत झिरकोनियाची, म्हणजे एका खास सिरॅमिकची, अंगठ्यात घालायच्या टोपणासारखी पोकळ टोपी असते. तिच्या आतल्या बाजूला बाहेरची ताजी हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर. सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापलं की ऑक्सिजनचे आयन त्यातून वाट काढू शकतात, आणि जिकडे ऑक्सिजनची गर्दी जास्त तिकडून ते कमी गर्दीकडे निघतात. त्या ओढीतून वीज निर्माण होते. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नाही, म्हणजे मिश्रण रिच, तर फरक मोठा आणि व्होल्टेज ०.८-०.९. धुरात ऑक्सिजन भरपूर, म्हणजे लीन, तर फरक थोडा आणि व्होल्टेज ०.१. आप्पांची ज्योत ऑक्सिजन खाऊन टाकत होती म्हणून आकडा वर जात होता. गाडीत टॉर्च नसते, म्हणून सेन्सरच्या पोटात छोटा हीटर असतो. चार तारा असतात त्यातल्या दोन त्याच्याच.

या जुन्या पद्धतीच्या सेन्सरची एक मर्यादा आहे. लॅम्डा १च्या आजूबाजूला त्याचं व्होल्टेज एकदम उडी मारतं. त्यामुळे 'रिच' की 'लीन' एवढंच तो नीट सांगू शकतो, किती ते नाही. पंगतीत रस्सा चाखून फक्त "अळणी" किंवा "खारट" म्हणणारा पाहुणा असतो ना, तसा. मग कॉम्प्युटर काय करतो? लीन म्हटलं की इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, रिच म्हटलं की थोडा कमी. हा 'थोडा' मिलिसेकंदाच्या काही टक्क्यांचा. स्कॅनरवर पुढच्या सेन्सरची रेषा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली नाचताना दिसते, ती या सततच्या दुरुस्तीमुळे. ती नाचलीच पाहिजे. नवीन गाड्यांमध्ये 'किती' तेही सांगणारे सेन्सर असतात, तिथे रेषा वेगळी दिसते.

कॉम्प्युटर या दुरुस्त्या लक्षातही ठेवतो. तात्पुरती दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, मुरलेली सवय म्हणजे लाँग टर्म ट्रिम. उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नसावी. सध्या पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलचं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, उदाहरण घ्या. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७चं माप ई-२०ला साधारण १३.५ होतं. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. गाडीला कुणी सांगितलेलं नसतं की टाकीत आज वेगळं पेट्रोल आहे. पुढचा सेन्सर "लीन, लीन" म्हणतो, ट्रिम काही टक्के वर सरकते, प्रकरण मिटतं. एव्हरेज थोडं का उतरलं, त्याचं एक कारण इथेच आहे.

काही वेळा कॉम्प्युटर सेन्सरकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो. इंजिन थंड असताना, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तुम्ही ॲक्सिलरेटर तळाला नेता तेव्हा. तेव्हा तो सरळ जास्त पेट्रोल सोडतो.

पुढच्या सेन्सरच्याही आधी पाईपाला चीर असेल, तर भलताच घोळ होतो. धूर पाईपातून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये दाब क्षणभर उतरतो आणि चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" म्हणतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. इंजिन खरं तर ठीक होतं, आता ते उगाच जास्त पितं. अशा वेळी सेन्सर बदलून काही होत नाही. आप्पांचं वाक्य आहे, "सेन्सर खोटं नही बोलस. त्याले जे दिसस ते तो सांगस."

आता मागचा सेन्सर. तो कॅटच्या नंतर असतो, आणि त्याचं मुख्य काम पेट्रोल ठरवणं नाही, कॅटवर पाळत ठेवणं आहे. इथे मला आमच्या नळाचं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दोन दिवसांआड, कुठे चार, उन्हाळ्यात तर विचारू नका. तरी स्वयंपाकघरातला नळ कधीही सोडला तरी पाणी येतं, कारण गच्चीवर टाकी आहे. आलं तेव्हा भरून घेते, नसतं तेव्हा सोडते. नगरपालिकेची लहर खालच्या नळापर्यंत पोचत नाही.

कॅटमध्येही अशी टाकी आहे, पाण्याऐवजी ऑक्सिजनची. त्या खडबडीत लेपात सिरियम ऑक्साइड असतं. मिश्रण जरा लीन झालं की ते जादा ऑक्सिजन स्वतःत मुरवून घेतं, रिच झालं की परत सोडतं. पुढे रेषा कितीही नाचो, कॅटमधून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजनचं प्रमाण जवळपास स्थिर राहतं. म्हणून चांगल्या कॅटच्या मागच्या सेन्सरची रेषा ०.६-०.७ व्होल्टवर संथ पडून असते.

आता समजा टाकीत वर्षानुवर्षं गाळ साचला आणि पाव टाकीच पाणी मावायला लागलं. वर पाणी आलं की खाली आलं, वर गेलं की खाली गेलं. खालचा नळ नगरपालिकेच्या लहरीवर चालायला लागला. कॅटचा लेप उष्णतेने किंवा विषाने निकामी झाला की हेच होतं. ऑक्सिजन साठवायला जागा उरत नाही आणि मागच्या सेन्सरची रेषा पुढच्याची नक्कल करायला लागते. कॉम्प्युटर दोन्ही रेषा ताडून बघतो, नक्कल फार वाढली की पी०४२० नोंदवतो: कॅटचं काम ठरलेल्या मर्यादेखाली.

कॉम्प्युटरने कॅट पाहिलेला नाही. त्याने दोन रेषा पाहिल्या आणि अंदाज बांधला. मागच्या रेषेला नाचवणारं दुसरं काही असेल, तरी कोड हाच येणार. 'मागचा सेन्सर बिघडला' असं तर पी०४२०मध्ये कुठेच म्हटलेलं नसतं. सेन्सरच्या स्वतःच्या तक्रारींचे कोड निराळे आहेत.

आणि तीन दिवस बत्ती का विझली होती? नवा सेन्सर बसवताना त्या गॅरेजवाल्याने कोड पुसला. पुसला की कॉम्प्युटर कॅटची परीक्षा नव्याने घेतो. ती गरम इंजिनावर, स्थिर वेगात, ठराविक परिस्थितीतच होते, आणि सहसा दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत नापास झाल्यावरच बत्ती पेटते. तोवर तुम्ही पैसे देऊन, आभार मानून घरी आलेले असता.

कॅट खरोखर मरतो तेव्हा तो बहुतेक वेळा एकटा मरत नाही, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. सगळ्यात जलद मारतं ते मिसिंग. प्लग किंवा कॉईल गेली, एक सिलिंडर पेटेना, तर त्यातलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता कॅटमध्ये येतात आणि तिथे पेटतात. सिरॅमिकची वीट वितळून गोळा होते. म्हणून पिवळी बत्ती नुसती पेटली असेल तर सवडीने दाखवा, पण लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. ती लुकलुक म्हणजे कॅट या क्षणी जळतोय. दुसरा मारेकरी ऑइल पिणारं इंजिन. ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो. तिसरा, साधी सिलिकॉनची ट्यूब. चुकीचं सिलिकॉन लावलं तर त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते.

आणि शिसं. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. पण शिसेविरहित पेट्रोल देशभर झालं १ फेब्रुवारी २०००पासून. शिशाचं पेट्रोल काही टाक्या भरलं तरी कॅट कायमचा बाद होतो. मधल्या पाच वर्षांत मुंबईत घेतलेली नवी गाडी घेऊन गावी निघालेल्यांनी वाटेतल्या पंपांचा काय हिशेब ठेवला असेल, कोण जाणे.

जाळी काढण्याचा सल्ला मला मिळाला तसा तुम्हालाही मिळेल. एव्हरेज वाढतं हे मला पटत नाही, कारण पेट्रोलचं माप पुढचा सेन्सर ठरवतो आणि त्याला मागे वीट आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. वीट वितळून पाईप तुंबला असेल तेवढ्यापुरता फरक पडेल. बाकी, ते बेकायदा आहे, बत्ती कायमची पेटणार, आणि ती फसवायला काही जण मागच्या सेन्सरखाली लांब नट बसवून त्याला धुरापासून दूर उचलतात. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत इंजिन साधारण २५०० आरपीएमवर धरून लॅम्डा ०.९७ ते १.०३मध्ये आहे का ते बघायचं असतं, मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत. ही तपासणी मनापासून केली तर असली गाडी तिथेच अडकेल. मनापासून किती ठिकाणी होते, ते तुम्हालाही माहीत आहे. एप्रिल २०२०च्या बीएस-६नंतरच्या मोटरसायकलींनाही कॅट आणि ओटू सेन्सर आहेत, तेव्हा फटफट आवाजाचा सायलेन्सर बसवणारी पोरंही हेच करतात, फक्त त्यांना ते माहीत नसतं. डिझेलचं गणित निराळं, ते या लेखात नको.

तर माझी गाडी. आप्पांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला डोंगल लावलं आणि मोबाइलवर दोन रेषा काढल्या. पुढची नाचत होती, बरोबर. ट्रिम अधिक ३, म्हणजे पुढचं सगळं ठीक. मागची रेषा मात्र ०.७वरून मध्येच खाली बुडी मारत होती. तोच तो दोष, जो कॉम्प्युटरने पकडला होता. मग त्यांनी मला ॲक्सिलरेटर दाबून २५००वर धरायला लावलं. बुड्या एकदम कमी झाल्या. सोडलं, परत सुरू. दोनदा केलं, दोनदा तेच.

कॅट मेलेला असता तर उलट व्हायला हवं होतं. जास्त रेसवर धूर जास्त, आत थांबायला वेळ कमी, गाळ भरलेल्या टाकीची तर तिथेच फजिती व्हावी. इथे रेस वाढली की सुधारणा होत होती. म्हणजे बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरत होती, आणि धुराचा जोर वाढला की तिला शिरता येत नव्हतं.

गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी थंड इंजिन सुरू करून आप्पांच्या पोराने सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरलं आणि आप्पांनी खाली झोपून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. कॅट आणि मागच्या सेन्सरच्या मधल्या फ्लँजवर फेस उठला. मला बोलावून दाखवलं: गॅसकेटच्या, म्हणजे जोड घट्ट बसावा म्हणून मध्ये घातलेल्या चकतीच्या, कडेने काजळाची बोटभर काळी रेघ. टाकी चांगली होती, टाकी आणि नळ यांच्यामधला पाईप फुटला होता.

गॅसकेट २८० रुपयांची. गंजलेले बोल्ट काढायलाच दीड तास गेला, एक तर तुटलाच, तो ड्रिल मारून काढला. मग गाडी सुरू केली, तापू दिली आणि मोबाइल बोनेटवर ठेवला. वरची रेषा करवत, खालची ०.७वर उन्हात झोपलेल्या म्हशीसारखी. कोड पुसला. त्यानंतर अमळनेर-धुळे अशा कितीतरी फेऱ्या झाल्या, बत्ती परत आलेली नाही.

निघताना मी वाईसमधला माझा जुना सेन्सर मागितला. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आठेच. कोनले तरी दखाडाले कामले ई."